जुना टोबी जग घ्यायचा की रॉयल डॉल्टन या इंग्लिश पॉटरी कंपनीचा चेहरेवाला?

मला विचाराल तर जीव जुन्या टोबीवरच आहे. इंग्लंडच्या स्टॅफर्डशरमध्ये 18व्या शतकात, 1760 नंतर बनायला लागलेला हा बिअरचा जग म्हणजे अख्खा बसलेला माणूस, हातात जग, डोक्यावर तीन कोपऱ्यांची हॅट आणि तिच्याच एका कोपऱ्यातून ओतायचं. तिथल्याच बर्स्लेम गावच्या राल्फ वूड या कुंभाराकडचे जग बघा, रंग ब्रशने ठासून भरलेला नाही, ग्लेझच, म्हणजे वरचा काचेसारखा थरच रंगीत आणि ते ओघळून एकमेकात मिसळलेलं, त्यामुळे एकासारखा दुसरा सापडतच नाही. पण नवख्याने जपून हां, याच्या नकला पुढे खूप निघाल्या, बऱ्याच अस्सल जगांवर बनवणाऱ्याचा शिक्का नसतो, आणि हॅटची कड तुटून परत जोडलेली असते, ती यूव्ही टॉर्चखाली बरेचदा वेगळी चमकते. हॅटमध्ये बसणारा छोटा कप तर बहुतेक हरवलेलाच.

डॉल्टनचं तसं नाही. त्यांच्या डिझायनर चार्ल्स नोकने 1934 ला जॉन बार्लीकॉर्न नावाचा जग काढला तेव्हापासून नुसतं डोकं नि खांदे, खाली शिक्का, बहुतेकांवर डी नंबर (डी अक्षराने सुरू होणारा मॉडेल नंबर), म्हणजे ओळखायला सोपं. हँडल नीट बघा, पुढच्या कितीतरी जगांत त्या माणसाची गोष्ट हँडलमध्येच असते. कॉमन मॉडेल स्वस्तात मिळतात, मात्र 1940 चा दोन हँडलवाला पांढरा चर्चिल लगेच बंद झाला म्हणून फार महाग.

सुरुवात डॉल्टनने करा, हात आणि नजर तयार झाली की टोबीकडे वळा.