धुवायचा फिल्टर की बदलायचा?

घरभर गरम-थंड हवा फिरवणाऱ्या यंत्रणेत धुवायची जाळी घालावी की घड्यांचा, वापरून टाकायचा फिल्टर? जाळी एकदाच घ्यावी लागते, कचराही होत नाही. पण ती अडवते मुख्यतः केस, धाग्यांचे पुंजके आणि जाडी धूळ. मर्व्ह मापात (फिल्टर किती बारीक कण अडवतो त्याचा आकडा; मोठा आकडा म्हणजे जास्त बारीक कण अडतात) ती साधारण १ ते ४ मध्येच बसते. शिवाय धुतल्यावर पूर्ण वाळवावीच लागते, नाहीतर बुरशी धरते. आणि वाळेपर्यंत यंत्रणा बंद! हे कुणी आधी सांगत नाही.

घड्यांचा फिल्टर मर्व्ह ८ ते १३ चा मिळतो. परागकण आणि बारीक धूळ अडवायला हाच बरा. एक इंची असेल तर एक ते तीन महिन्यांत बदलावा. घरात कुत्रा-मांजर असेल तर लवकरच. मात्र जुन्या यंत्रणेत उगाच १३ चा बसवू नका. दाट फिल्टरमुळे हवेचा प्रवाह घटतो, मग थंडाव्याच्या कॉइलवर बर्फ जमतो किंवा हवा गरम करणारी भट्टी जास्त तापून मध्येच बंद पडते. जाळी तुंबली तरी हेच होतं.

माझं मत? धुण्याचा कंटाळा नसेल आणि कुणाला अ‍ॅलर्जी नसेल तरच जाळी. नाहीतर ८ चा घड्यांचा. बसवताना फिल्टरच्या चौकटीवरचा बाण यंत्रणेतल्या पंख्याकडे हवा.