तिकिटावर ‘पॅरिस’, उतरलो बोव्हेला: माझे 360 युरो कसे गेले

360 युरो. सहा आठवडे झाले तरी तो आकडा आठवला की अंगाचा तिळपापड होतो. लिहायची लाज वाटत होती, पण ‘पॅरिस’ एवढंच वाचून कोणी तिकीट काढत असेल तर त्याने आधी हे वाचावं.

रोमहून पॅरिसला जायचं होतं, मी आणि आई. एजंटने दोन पर्याय दिले, माणशी 97 युरो आणि माणशी 58 युरो. दोघींचे मिळून 78 युरो वाचत होते. मी फोनवर स्पष्ट विचारलं होतं, “हे स्वस्त का? पॅरिसलाच उतरतं ना?” तो म्हणाला, “हो मॅडम, पॅरिसच. रात्रीची वेळ आहे म्हणून स्वस्त.” धडधडीत खोटं. ते विमान बोव्हेला उतरतं, आणि बोव्हे हे पॅरिसच्या उत्तरेला सुमारे 85 किलोमीटरवरचं वेगळंच गाव आहे. तिकिटावर बारीक अक्षरांत बीव्हीए हा बोव्हेचा कोड होता, हे खरं. पण वर ठळक ‘पॅरिस’ छापलेलं आणि एजंटने तोंडाने हमी दिलेली, तर खालची तीन अक्षरं कोण तपासत बसतं?

तरीही एक क्षण असा होता की मला कळायलाच हवं होतं. रोमच्या गेटवरच्या पाटीवर ‘पॅरिस बोव्हे’ असं लिहिलेलं होतं. मी ते वाचलं. पॅरिसच्या मोठ्या विमानतळाला शार्ल द गोल यांचं नाव आहे, तसंच हेही कुणाचं तरी नाव असेल असं वाटलं आणि मी आईसाठी पाणी आणायला उठले. त्यानंतर पंचवीस मिनिटं आम्ही त्याच पाटीसमोर बसलो होतो. हातात फोन होता, वायफाय होतं. नकाशा उघडला असता तर बसची तिकिटं तिथेच काढून झाली असती. रात्री झोप लागत नाही तेव्हा ती पाटी डोळ्यांसमोर येते.

रात्री 10:40 ला उतरलो. रोमहून येताना पासपोर्टची रांग नसते, त्यामुळे पाच-दहा मिनिटांत बाहेर. माझ्या फोनला नेटवर्क नाही, आईचे गुडघे धरलेले. गळ्यात ओळखपत्र लटकवलेला एक माणूस समोर आला. “पॅरिस? लास्ट बस गॉन.” आमच्याच विमानातली माणसं बॅगा ओढत उजवीकडे वळत होती. मी बोट दाखवून विचारलं तर म्हणाला, तो ग्रुप आहे, त्यांची वेगळी गाडी आहे. ती बसचीच रांग होती! बोव्हेच्या बसेस विमानांच्या वेळांना जोडलेल्या असतात आणि साधारण सव्वा तासात पॅरिसला सोडतात. हे मला दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या काउंटरवर कळलं. दारात येऊन विचारणाऱ्या माणसाच्या गाडीत बसू नका. खरा टॅक्सीवाला रांगेत उभा असतो, गाडीच्या टपावर दिवा असतो, आत मीटर असतो. याच्या गाडीवर काहीच नव्हतं. मी ते पाहिलं होतं, पण रात्री अकराला सत्तरी ओलांडलेल्या आईला घेऊन उभी असलेली बाई किती घासाघीस करणार?

ठरले 160 युरो. हॉटेलशी पोचल्यावर त्याने आधी कार्ड मागितलं. डिकी बंद, बॅगा आत. मशीन त्याच्याच हातात, पडद्यावर अंगठा. मी पिन टाकला. तो म्हणाला, “नो. फेल्ड.” पुन्हा टाकला. मग बॅगांचे म्हणून 40 रोख घेतले आणि तेव्हा कुठे डिकी उघडली. हॉटेलचं वायफाय लागलं आणि बँकेच्या ॲपमध्ये एकाखाली एक दोन नोंदी दिसल्या, 160 आणि 160. मशीनने ‘फेल’ म्हटलं तर आधी कागद मागा. फ्रान्समध्ये 25 युरोंपासून पुढे टॅक्सीने पावती देणं बंधनकारक आहे. शार्ल द गोलहून पॅरिसला तर टॅक्सीचे दर ठरलेलेच आहेत, 2024 मध्ये सीन नदीच्या उजव्या तीरासाठी 56 आणि डाव्या तीरासाठी 65 युरो. म्हणजे मी वाचवलेल्या 78 युरोंत तिथली टॅक्सी बसली असती.

आता दाद मागायची कुणाकडे? दुसऱ्या दिवशी पोलिसांकडे गेले. पाऊण तास बसवून ठेवलं आणि सांगितलं, घटना बोव्हेची आहे, बोव्हेला जा. नंतर कळलं की फ्रान्सच्या कायद्याप्रमाणे कुठल्याही पोलीस ठाण्याला तक्रार घ्यावीच लागते, घटना कुठेही घडलेली असो. मला परत पाठवणाऱ्याला हे माहीत नसेल? विमान कंपनी म्हणते, तिकीट एजंटकडून घेतलंत, त्याला विचारा. एजंट म्हणतो, तिकिटावर कोड छापलेला आहे मॅडम. युरोपच्या 2004 च्या नियमाप्रमाणे विमान रद्द करून प्रवाशाला त्याच शहराच्या दुसऱ्या विमानतळावर नेलं तर पुढे पोचवण्याचा खर्च कंपनीचा असतो. पण माझं तिकीटच बोव्हेचं, म्हणून तो नियमही मला लागू नाही. बँकेचं उत्तर सगळ्यांवर कडी करणारं: दोन्ही वेळा पिन तुम्हीच टाकलात. अहो, फसवल्यावर पिन मीच टाकणार ना! पाच मिनिटांच्या आत, त्याच मशीनवर, तेवढीच रक्कम दोनदा, यात कुणालाच काही खटकत नाही?

आणि हे एकट्या पॅरिसचं नाही. फ्रँकफर्ट हान हे फ्रँकफर्टपासून 120 किलोमीटरवर आहे. मिलानच्या नावाने बेर्गामो विकतात. टोकियोचं नारिता 60 किलोमीटर लांब, हानेदा शहराला लागून. रात्री उशिरा उतरणार असाल तर शेवटची ट्रेन कधी आहे ते आधी बघा, मग तिकिटाचा भाव. लंडनमध्ये हीथ्रोला उतरून गॅटविकहून पुढचं विमान असं जोडून देणाऱ्यापासून तर लांबच राहा. भारतीय पासपोर्टवर विमानतळ बदलायला बाहेर पडायचं तर सहसा ब्रिटनचा व्हिसा लागतो, हे तुम्हाला कोणी सांगणार नाही. एजंटला “कुठल्या शहरात उतरतं” असं विचारू नका. विमानतळाचं नाव आणि तीन अक्षरी कोड लेखी मागा, तोंडी नको. माझ्याकडे त्या फोनचं रेकॉर्डिंग नाही, आणि एजंट आता म्हणतो की असं बोलणंच झालं नव्हतं.

बँकेला तिसरं पत्र सोमवारी पाठवलं आहे, दोन्ही नोंदींच्या वेळांसह: 00:14 आणि 00:16.