ऑर्बिटल फ्लोअर सँडर: सावकाश घासतं, म्हणूनच भाड्याने आणावं

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईतल्यांची सुटका. घरचं लाकडी फ्लोअरिंग स्वतः घासून नव्याने पॉलिश करायचं असेल आणि असं काम आधी कधी केलं नसेल, तर भाड्याने आणायचं ते ऑर्बिटल सँडर. भाड्याच्या दुकानातला माणूस ड्रम सँडरची कितीही भलामण करो. माझ्याकडून पाचपैकी चार तारे. एक तारा कापलाय तो कडांसाठी, आणि कडांवर मी पुढे बरंच बोलणार आहे.

मशीन दिसायला मोठ्या इमारतींत फरशी घासायला आणतात त्याच जातीचं. खाली साधारण १२ बाय १८ इंचांचा चौकोनी सपाट तळ, त्याला तेवढाच पॉलिशपेपर चिकटतो, वर मोटर, मागे धरायला दांडा. तळ अगदी छोट्या वर्तुळात थरथरत राहतो, बस्स. ड्रम सँडरची तऱ्हा वेगळी. तिथे पेपर एका आडव्या रुळावर असतो आणि रूळ एकाच दिशेने गरगर फिरतो. रुळाची जमिनीला टेकणारी जागा म्हणजे एक अरुंद पट्टी, आणि मशीनचा सगळा भार तिच्यावर. कापतं भन्नाट! पण फिरता रूळ टेकवून क्षणभर थांबलात की लाकडात आडवा खळगा पडलाच. तो पॉलिशखाली लपत नाही, उलट चकाकीमुळे उठून दिसतो. म्हणून सराईत लोक चालता चालता रूळ टेकवतात आणि चालता चालताच उचलतात. ते हातात बसायला सराव लागतो, आणि सरावाला आपल्याकडे जमीन एकच, घरची.

ऑर्बिटलचा भार पूर्ण तळावर पसरतो. वळताना जरा रेंगाळलात, वायर सोडवायला थांबलात, तरी खड्डा पडत नाही. पहिल्यांदा करणाऱ्याला एवढा एक गुण पुरेसा आहे.

माझ्या धाकट्या भावाला मात्र हे अजिबात पटलं नाही. पहिला पेपर लावून मी एक पट्टा पूर्ण केला तेव्हा जुनं पॉलिश जेमतेम पांढुरकं झालं होतं. दारात उभा राहून म्हणाला, "ताई, हे जमीन घासतंय की गोंजारतंय?" तक्रार खोटी नव्हती. जुन्या पॉलियुरेथेनचा, म्हणजे प्लास्टिकसारख्या कडक पॉलिशचा, थर जाड असला की ऑर्बिटल वेळ खातं, यात वादच नाही. मग त्याने दांड्यावर भार टाकून बघितला. त्याने काम पुढे सरकत नाही, तळ तिरका होतो आणि पेपरची एकच बाजू झिजते. मशीन स्वतःच्या वजनाने चालू द्यायचं आणि वेग हवा असेल तर पेपर भरड घ्यायचा.

पेपरवरचा आकडा जितका लहान तितका दाणा मोठा. ओकसारख्या कडक लाकडावर जुनं पॉलिश असेल तर ३६ किंवा ४० ने सुरुवात करा, थर फारच जाड असेल तर त्याआधी २४. पुढे ६०, मग ८०, शेवटी १०० किंवा १२०. सुरुवातीलाच ८० लावलात तर जुनं पॉलिश तापून पेपरच्या दाण्यांमध्ये भरतं. पेपर उलटून बघा, चकचकीत चकंदळं दिसतील. असा पेपर मग घासत नाही, नुसता जमीन तापवतो. तो काढून नवा लावायचा. पेपर अंदाजापेक्षा जास्तच आणा, कारण ओढून-ताणून एकाच पेपरवर खोली काढायचा मोह इथे सगळ्यात महागात पडतो. बंद पाकिटं परत घेणार का, हे मात्र आधी विचारून ठेवा.

मधला एखादा आकडा गाळायचा विचार प्रत्येकाच्या मनात येतो. ४० नंतर थेट १०० का नाही? कारण ४० ने पाडलेले ओरखडे खोल असतात आणि १०० ला ते काढायला जन्म लागेल. प्रत्येक पेपरचं काम एकच, आधीच्या पेपरचे ओरखडे पुसणं. ते झालं की नाही हे बघायची सोपी युक्ती म्हणजे दर वेळी पेपर बदलण्याआधी जमिनीवर शिसपेन्सिलीने हलक्या नागमोडी रेघा मारायच्या. रेघा सगळीकडे सारख्या गेल्या तर मशीन सगळीकडे सारखं फिरलं. कुठे तुकडे राहिले तर तिथे जमीन खोलगट आहे किंवा तुम्ही घाई केलीत.

दुसरं, छतावरच्या दिव्याच्या भरवशावर राहू नका. एक प्रखर दिवा जमिनीवरच आडवा ठेवा आणि त्याच्या समोरून गुडघ्यावर बसून बघा. वरून गुळगुळीत वाटणाऱ्या जागेवर गोल वळलेले बारीक ओरखडे दिसतात, ऑर्बिटलचा हा खास दोष. आधीच्या भरड पेपरचा सुटलेला एखादा दाणा नव्या पेपरखाली अडकला की मशीन तो तसाच गोल गोल फिरवत नेतं. म्हणून दोन पेपरांच्या मध्ये अख्खी खोली व्हॅक्यूम करायची, खिडकीच्या कट्ट्यासकट. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

आता तो कापलेला तारा. चौकोनी तळ भिंतीच्या बराच जवळ जातो, पण स्कर्टिंगलगतची पट्टी, कोपरे, दाराच्या चौकटीमागची बोळकंडी आणि कपाटाखालची जागा त्याच्या आवाक्यात नसते. त्यासाठी दुकानात एजर नावाचं दुसरं मशीन गळ्यात मारतात. सात इंचांची चकती, दोन्ही हातांनी धरायचं, कंबरेत वाकून चालवायचं. त्या एजरला माझ्याकडून दोन तारे, तेही उदार मनाने. चकती जमिनीवर पूर्ण सपाट बसत नाही, पुढची कड कापते. त्यामुळे लाकडाच्या रेषांना आडवे जाणारे अर्धगोल ओरखडे पडतात. कोऱ्या लाकडावर ते नजरेतून सुटतात आणि गडद रंग चढवला की भिंतीकडेने ओळीने उभे राहतात. सराईत माणूस एजर एका जागी न ठेवता सतत हलवत ठेवतो आणि मागचे ओरखडे नंतर निगुतीने काढतो. नवख्याला ते मशीन ओढत नेतं.

मी एजर परत केला आणि कडा हातातल्या पाच इंची रँडम ऑर्बिटल सँडरने काढल्या. वेळ लागतो, गुडघ्यांना पट्टे बांधावे लागतात, पण हाताला अंदाज राहतो. कोपऱ्यात चकती पोचतच नाही, तिथे कार्बाइडचं पातं असलेला हातस्क्रेपर. तो रेषांच्या दिशेने स्वतःकडे ओढायचा, पुढे ढकलायचा नाही. पातं बरोबर धरलं तर जुनं पॉलिश बारीक कुरळ्या सालींनी सुटतं आणि खाली कोरं लाकूड दिसतं. नुसती पांढरी पूड पडायला लागली म्हणजे पात्याची धार गेली. सगळ्या कामात मला मनापासून आवडलेला भाग हाच.

कडांना मधल्या जमिनीचेच आकडे, त्याच क्रमाने. मध्ये १०० आणि कडेला ८० असं ठेवलंत तर रंग कडेला जास्त शोषला जातो आणि खोलीला चौकट काढल्यासारखी गडद किनार येते. प्रत्येक आकड्याला आधी कडा करायच्या, मग मोठं मशीन त्यांच्यावर शक्य तितकं चढवून न्यायचं, म्हणजे सांधा मिटतो.

"धूळ होतच नाही" असं दुकानात सांगतात. होते. ड्रमपेक्षा कमी होते, हे कबूल. मशीनच्या पिशवीत बरीच जाते, उरलेली दाराच्या फटींतून बाहेर हिंडते. मला मिळालेल्या मशीनच्या पिशवीचा पट्टा सैल होता, त्यामुळे पहिल्याच पट्ट्यात अर्धा भुसा माझ्या पायांवर. दुकानातच मशीन चालू करून पिशवी, वायर आणि तळाची कड बघून घ्या. आणि तोंडाला रुमाल चालणार नाही, एन९५ मास्कच लावा. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाचा भुसा माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला आहे. घर जुनं असेल आणि जमिनीवर रंग असेल तर त्यात शिसं आहे का ते आधी तपासून घ्या. असेल तर मशीनला हातच लावू नका, हे काम जाणकाराचं.

भरलेली पिशवी रात्रभर घरात ठेवू नये. घासलेल्या पॉलिशची पूड आणि भुसा दाबून एकत्र राहिला की आतल्या आत तापून पेट घेऊ शकतो. दर वेळी घराबाहेर, धातूच्या डब्यात रिकामी करा. तेलाने भिजलेल्या चिंध्यांनाही हाच नियम. बोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत, उघड्यावर पसरून वाळवायच्या.

मशीन आणण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात. पहिली, घासायला लाकूड आहे का? दाराच्या उंबऱ्याची पट्टी किंवा हवेच्या झरोक्याची जाळी उचलली की फळीची कड दिसते. सबंध लाकडाची फळी साधारण १९ मिलिमीटर जाड, शेजारची फळी अडकते त्या खाचेच्या वर ६ मिलिमीटरच्या आसपास लाकूड, म्हणजे आयुष्यात बऱ्याच वेळा घासता येतं. इंजिनिअर्ड फळीत, म्हणजे खाली प्लायवूड आणि वर लाकूड अशा फळीत, वरचा खऱ्या लाकडाचा थर अर्ध्या मिलिमीटरपासून सहापर्यंत काहीही असू शकतो. दोनच्या खाली असेल तर मशीन विसरा, प्लायवूड बाहेर येईल. लॅमिनेट तर लाकूड नव्हेच, लाकडाचा छापील फोटो. दुसरी गोष्ट खिळे. वर आलेलं प्रत्येक डोकं पोगराने (हातोडीखाली धरायच्या छोट्या सळईने) आत बसवा, नाहीतर एकेक खिळा एकेक पेपर फाडतो.

पॉलिशबद्दल थोडक्यात, कारण तो वेगळा विषय आहे. मी पाण्यातलं पॉलियुरेथेन वापरलं. डब्यात पांढरट दिसतं, वाळलं की पारदर्शक, वास कमी, एक हात (थर) दिल्यावर दुसऱ्याआधी काही तास पुरतात. पहिल्या हाताने लाकडाचे तंतू केसांसारखे उभे राहतात, ते बारीक पेपरने हलकेच काढून मग दुसरा हात. तेलातलं पॉलियुरेथेन लाकडाला पिवळसर ऊब देतं, पण एका हाताला बहुधा रात्रभर द्यावी लागते, वासाने घर सोडावंसं वाटतं आणि पूर्ण कडक व्हायला महिनाभर जातो. पाण्यातल्यालाही आठवडा-दोन आठवडे लागतात, तोवर गालिचा टाकू नये. डबा हलवायचा नाही, ढवळायचा, नाहीतर बुडबुडे जमिनीवर येतात. आणि ओली कड वाळू न देता भिंतीपासून दाराकडे यायचं. मधेच फोन आला तर वाजू द्या.

हे मशीन कोणी आणू नये तेही सांगते. ज्यांच्या फळ्या कडांनी वर उचलल्या आहेत, त्यांनी नको. ऑर्बिटल उंचवट्यांवरून तसंच फिरतं, जमीन समतल करत नाही. ते काम ड्रमचं आणि सरावलेल्या हाताचं. शिवाय फळ्या उचलल्या म्हणजे खालून ओल येतेय. ती न शोधता घासलंत तर ओल गेल्यावर फळ्या मधोमध फुगीर होऊन बसतात आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं.

आणि ज्यांचं फक्त वरचं पॉलिश मळकट झालंय, लाकूड उघडं पडलेलं नाही, त्यांनीही नको. सर्वात जास्त वर्दळीच्या जागी पाण्याचा थेंब टाकून काही मिनिटं थांबा. थेंब तसाच उभा राहिला तर जुना थर शाबूत आहे. बफर मशीनला (गोल चकती फिरवणाऱ्या) घासायची बारीक जाळी लावून तो थर नुसता खरखरीत करायचा आणि वर एक नवा हात द्यायचा. मात्र पूर्वी कधी मेण लावलं असेल तर नवा थर धरत नाही, तेवढं आधी बघा. थेंब शोषून डाग गडद झाला तर मात्र ऑर्बिटल आणाच, आणि भाड्याची मुदत दुकानदार सांगेल त्यापेक्षा एक दिवस जास्तीची घ्या. तो हिशोब फक्त मधल्या जमिनीचा धरतो, कडांचा नाही.