मोफत हाडतपासणी आणि आईचं टळलेलं इंजेक्शन

मनगट मोडलं तेव्हाच आईची हाडं ठिसूळ झाल्याचं कळलं होतं. डेक्सा तपासणीत, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या एक्स-रेत, खुब्याचा टी-स्कोर (निरोगी तरुण हाडांशी तुलना करून काढलेला आकडा) उणे 2.5 च्याही खाली, म्हणजे ठिसूळ हाडांच्या पातळीत होता. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी हाडांची झीज रोखणाऱ्या डेनोसुमॅब या औषधाचं इंजेक्शन, जोडीला कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व. घरातली पायपुसणी काढली, न्हाणीघरात धरायला दांडा बसवला. सगळं नीट चाललं होतं.

मग सोसायटीच्या हॉलमध्ये मोफत हाडतपासणी शिबिर भरलं. यंत्रात टाच ठेवायची, थोड्या वेळात लाल रंगाचा रिपोर्ट हातात. टाचेच्या यंत्रावरून या आजाराचं पक्कं निदान होत नाही, त्यासाठी खुबा आणि कमरेच्या मणक्यांचा डेक्साच लागतो. पण पांढरा कोट घातलेला माणूस म्हणाला, “आजी, इंजेक्शनं घेऊन काय उपयोग झाला? हाडं पार पोखरलीत.” आई घाबरली. पावडर, तेल, कमरेचा पट्टा, सगळे मिळून साडेअठरा हजार रुपये रोख. पावती नाही, कोऱ्या कागदावर नुसता आकडा.

पैशांपेक्षा मला चीड आहे ती त्याच्या पुढच्या सांगण्याची: “इंजेक्शन बंद केल्याशिवाय पावडर लागू पडणार नाही.” डेनोसुमॅब असं मध्येच सोडता येत नाही. त्याचा असर उतरला की हाडांची झीज एकदम वाढते आणि एकाच वेळी अनेक मणके दबू शकतात. थांबवायचंच असेल तर डॉक्टर त्याच्या जागी दुसरं औषध देतात. आईची तारीख टळली. वर त्या माणसाने ‘मणका मोकळा करायला’ पुढे वाकून अंगठे धरायचा व्यायाम दिला होता. ठिसूळ मणक्यांना असं वाकणं धोक्याचं! काही महिन्यांनी पाठीत कळ आली ती थांबेना. एक्स-रेत दोन मणके दबलेले दिसले.

डॉक्टरांनी पावडर तत्काळ बंद केली. डब्यावर घटक नाहीत, बॅच नंबर नाही. अशा पावडरींत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्याने दुखणं दबतं, पण जास्त दिवस पोटात गेलं तर हाडं आणखी ठिसूळ होतात.

ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली आहे. तुमच्याकडे असं शिबिर आलं तर रिपोर्ट कोणाच्या सहीचा आहे ते विचारा आणि छापील बिल मागा. घरात कोणी हे इंजेक्शन घेत असेल तर पुढची तारीख कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवा. ती बदलायची तर फक्त त्यांच्या डॉक्टरांनी.