आधी पत्रा की आधी पॅनल?

सोयाबीनचे पैसे आलेत, घरासाठी 35-40 हजार काढता येतील आणि डोक्यात सोलर घोळतंय. थांबा, आधी घराचं छत बघा.

मराठवाड्यातली माळवदाची घरं उन्हाळ्यात गार राहायची, कारण डोक्यावर मातीचा जाड थर असायचा. माळवद उतरलं, पत्रा चढला. मे महिन्यात दुपारी दोनला पत्र्याखाली पंखा लावा. पातं फिरतं आणि वरची झळ अंगावर येते. शेवटी बाज लिंबाखालीच जाते.

सोलरचा हिशोब कागदावर चोख आहे. पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटला 30 हजार, 2 ला 60 हजार, 3 किलोवॅट आणि पुढे 78 हजार अनुदान मिळतं. 1 किलोवॅटमधून महिन्याला साधारण 100 ते 120 युनिट निघतात. पण अनुदान पॅनल बसल्यावर खात्यात येतं, आधी पैसे तुम्हीच उभे करायचे. शिवाय एक गोष्ट विक्रेता शेवटी सांगतो, कधी सांगतही नाही: बॅटरी नसेल तर लाइट गेली की पॅनलही बंद. खांबावर चढलेल्या वायरमनला झटका बसू नये म्हणून ती सोयच तशी केलेली असते. म्हणजे भर उन्हात, डोक्यावर पॅनल असून, पंखा थांबलेला. भारनियमनाच्या गावात हे आधी विचारा.

पत्र्याला उष्णता परतवणारा पांढरा रंग द्या. घरात दोन-चार अंशांचा फरक पडतो, लाइट असो वा नसो. चुन्यावर भागवू नका. तो स्लॅबला ठीक, पत्र्यावरून पहिल्या पावसात ओघळतो. उरलेल्या पैशांत दोन बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे पंखे घ्या. जुना पंखा 75 वॅट खातो, हा 30 च्या आसपास. दोन पंखे रोज 16 तास चालले तर महिन्याला चाळीसेक युनिट वाचतात. महावितरणचा दर 100 युनिटांनंतर चढतो, तेव्हा 130 वरून 90 वर येणं चांगलंच जाणवतं.

गोठ्यात चार-पाच जनावरं असतील तर सिलिंडरचा खर्च 2 घनमीटरच्या बायोगॅसने वाचेल. रोज 50 किलो शेण मात्र लागतं.

स्लॅबचं घर, 200 च्या वर युनिट आणि लाइट सहसा न जाणारी, असं असेल तर खुशाल पॅनल घ्या. बाकीच्यांनी आधी पत्रा. दोन्ही करायचं असलं तरी रंग पहिला, कारण स्टँड बसल्यावर पॅनलखाली ब्रश जात नाही.