फ्रोजन फ्राइज : मसाला लावलेले घ्यावेत की साधे?

दुकानातल्या फ्रीजरमध्ये हल्ली फ्राइजची दोन पाकिटं शेजारी शेजारी असतात. एक साधं, दुसरं पेरीपेरी किंवा मसाल्याचं, आणि हे दुसरं महाग. जास्तीचे पैसे मसाल्याचे असणार, मसाला तर घरात आहेच, म्हणून मी बरेच दिवस ते उचललंच नाही. मग एकदा दोन्ही आणली आणि एका पाठोपाठ एक घाणे तळून बघितले. जास्तीचे पैसे आपण पिठाच्या थराचे देतो, हे तेव्हा कळलं.

साधे फ्राइज म्हणजे कापलेला बटाटा गरम पाण्यातून काढून, वरचं पाणी सुकवून, अर्धवट तळून गोठवलेला. मसाला फ्राइज त्या अर्धवट तळणीच्या आधी पातळ पिठात बुडवून काढतात. तांदळाचं पीठ किंवा स्टार्च, त्यात मीठ, तिखट, कांदा-लसणाची पूड. तळल्यावर बटाट्याच्या आतली वाफ बाहेर येऊन वरचा कुरकुरीत भाग मऊ करते. हा थर तिला बराच वेळ दाद देत नाही. माझ्या ताटातले साधे फ्राइज दहा मिनिटांत मान टाकू लागले, मसाल्याचे पंचवीस मिनिटांनीही कुरकुरीत होते.

म्हणून पहिला प्रश्न चवीचा नाही, वेळेचा आहे. तुमच्याकडे फ्राइज कढईतून थेट ताटात जातात का? मग साधे घ्या. पंधरा मुलं वाढदिवसाला येणार आहेत आणि शेवटचा घाणा निघेपर्यंत पहिला तसाच राहायला हवा? मग मसाल्याचे, आणि ते पैसे वाया जात नाहीत.

यात एक फसगत होते. काही पाकिटांत फ्राइज साधेच असतात आणि मसाल्याची पुडी वेगळी दिलेली असते. तिथे थर नाही, म्हणजे मसाल्याचे पैसे देऊन कुरकुरीतपणा साध्या फ्राइजचाच. पाकिटामागची घटकांची यादी वाचा. बटाटा आणि तेलानंतर पीठ किंवा स्टार्च दिसलं तर थर आहे.

तळताना मात्र साधे फ्राइज सोपे. रंग दिसतो. 2002 साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की पिष्टमय पदार्थ फार तापवले की त्यात अ‍ॅक्रिलामाइड हे कर्करोगाचा धोका असू शकणारं रसायन तयार होतं, म्हणून बटाटा सोनेरी झाला की काढावा, तपकिरी होऊ देऊ नये. मसाल्याचे फ्राइज तिखटामुळे आधीच लालसर असतात, सोनेरी कधी झाले ते डोळ्यांना कळत नाही. तिथे पाकिटावर दिलेली मिनिटंच पाळावी लागतात. शिवाय थरातला मसाला तेलात सुटतो, कढईच्या तळाशी बसतो आणि जळतो. दोन घाण्यांनंतर माझं तेल काळपट झालं होतं आणि त्याला कडवट वास येत होता. साध्या फ्राइजचं तेल गाळून दुसऱ्या दिवशी फोडणीला चाललं.

एअर फ्रायरमध्ये उलटं. साधे फ्राइज कोरडे, थोडे चामट होतात, थरवाले छान फुलतात. फक्त 200 ऐवजी 180 अंशांवर ठेवा, नाहीतर बारीक टोकांवरचा मसाला करपतो.

मिठाकडेही बघायला हवं. पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं; त्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. 400 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत मीठ खायला सांगते. घरात रक्तदाबाचं माणूस असेल तर मला साधे फ्राइज एवढ्याचसाठी बरे वाटतात, कारण मीठ आपल्या हातात राहतं. मसाल्याच्या फ्राइजमधलं काढता येत नाही. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्या घरांतही तेच. ती पूड थरातच असते.

साध्या फ्राइजना घरचा मसाला चिकटत नाही, ही तक्रार खरी आहे, पण उपाय आहे. पाव किलो फ्राइजसाठी अर्धा चमचा काश्मिरी तिखट, पाव चमचा मीठ, पाव चमचा आमचूर आणि चिमूटभर जिरेपूड मिक्सरमध्ये अगदी बारीक फिरवून घ्या. फ्राइज कढईतून निघाल्या निघाल्या मोठ्या पातेल्यात टाका, मसाला भुरभुरा आणि पातेलं हलवा. वरचं तेल ओलं असतानाच हे व्हायला हवं. मिनिटभर उशीर झाला की सगळा मसाला तळाशी.

आणि घरच्या बटाट्याचे? बाजारातला शीतगृहातून आलेला बटाटा बऱ्याचदा गोडसर असतो, कारण थंडीत त्याच्या स्टार्चची साखर होते. तो कुरकुरीत व्हायच्या आधीच लाल होतो. कारखान्यांचे बटाटे वेगळ्याच जातीचे असतात. गुजरातेत बनासकांठ्याकडे सँटाना त्यासाठीच लावतात. नवा बटाटा मिळाला तर जरूर करा, एरवी पाकीट बरं.

कुठलंही पाकीट घेताना आधी हलवून बघा. आतले तुकडे सुटे वाजले पाहिजेत. गोळा लागला तर ते कुठेतरी वितळून पुन्हा गोठलेलं आहे, आणि तसे फ्राइज तेल पितात, थरवाल्यांचा थरही सुटतो. घरी आणल्यावर वितळू न देता तसेच कडक तेलात सोडा, एका वेळी मूठ-दोन मुठीच. दोन्ही प्रकार एकाच दिवशी करायचे असतील तर आधी साधे तळा, मसाल्याचे शेवटी.