ऑनलाइन पत्र पाठवणाऱ्या सेवा: पावती कुणाच्या नावाची, पाकीट परत कुठे?

पीडीएफ अपलोड करायची, पत्त्यांची एक्सेल द्यायची, पैसे भरायचे. छपाई, घडी, पाकीट आणि पोस्टातले बुकिंग ऑनलाइन सेवावाले बघतात. नाशिकमधल्या इंदिरानगरच्या सोसायटीला पुण्या-मुंबईतल्या चाळीस फ्लॅटमालकांना थकबाकीच्या नोटिसा पाठवायच्या असतील, तर या सेवा खरोखर कामाच्या आहेत. दोन-चार पत्रांसाठी मात्र जीपीओचा, म्हणजे मुख्य पोस्टाचा, काउंटरच बरा.

खर्चाचा हिशेब आधी करा. १ ऑक्टोबर २०२५ च्या दरांनुसार ५० ग्रॅमपर्यंतचे स्पीड पोस्ट गावातल्या गावात १९ रुपये, बाहेरगावी ४७. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टातच सामावले आहे. 'रजिस्ट्रेशन' (ज्याच्या नावे पत्र त्याच्याच किंवा त्याने नेमलेल्याच्या हाती देण्याची सोय) हवे असेल तर ५ रुपये जास्त, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे नाशिकहून पुण्याला ६१ रुपये ३६ पैसे. सेवेचा दर याहून किती जास्त आहे, तीच तिची खरी किंमत. ८० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) ए-फोर कागद ५ ग्रॅमचा असतो. आठ पानांचे पत्र पाकिटासह ५० ग्रॅमच्या आत बसते. नववे पान जोडले की वजन काठावर येते.

मराठी मजकूर असेल तर गडबड फॉन्टची होते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली वर्ड फाइल दिली आणि त्यांच्याकडे तो फॉन्ट नसला, तर निरर्थक चिन्हे छापली जातात. मजकूर युनिकोडमध्ये घ्या, फॉन्ट एम्बेड करून, म्हणजे फाइलमध्येच बसवून, पीडीएफ स्वतः बनवा आणि प्रिव्ह्यूमध्ये जोडाक्षरे तपासा. दुसरी अडचण पत्त्याची. 'अमक्या मंदिरामागे, तमक्या हॉस्पिटलसमोर' असा आपला लांबलचक पत्ता पाकिटाच्या खिडकीत मावत नाही आणि नेमका शेवटच्या ओळीतला पिनकोड झाकला जातो. खुणा कमी करा, पिनकोड ठेवा. सिडको ४२२००९ आणि अंबड ४२२०१० यांची गल्लत तर नेहमीची.

छपाई बहुतेक जण नीट करतात. सेवा पारखायची ती बुकिंगच्या पावतीवर. या पाकिटांवर बहुधा तिकीट नसते, बारकोड असतो, त्यामुळे तारखेचा पुरावा म्हणजे पोस्टाची नोंद. 'ऑर्डर पूर्ण' हा मेसेज पुरावा नव्हे. ई ने सुरू होऊन आयएन ने संपणारा तेरा अक्षरी क्रमांक घ्या, पोस्टाच्या साइटवर स्वतः टाकून बघा. चेक न वटल्याची नोटीस बँकेची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत द्यावी लागते; बुकिंगला झालेला चार दिवसांचा उशीर तिथे महागात पडतो.

आणि परतीचा पत्ता! काही सेवा तिथे स्वतःच्या गोदामाचा पत्ता छापतात. मग 'घेण्यास नकार' असा शेरा मारलेले पाकीट तुमच्याकडे येतच नाही, आणि वकिलाला तर पुरावा म्हणून तेच न फोडलेले पाकीट हवे असते. प्रेषक म्हणून नाशिकचा पत्ता छापून देत नसतील, तर कायदेशीर नोटिसांसाठी ती सेवा घेऊ नका. मोठी बॅच देण्याआधी एक पत्र स्वतःच्या पत्त्यावर मागवा आणि पाकीट आधी मागच्या बाजूने वाचा.